पाणी तोडायची तारीख

सकाळी साडेसहाला आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला की समजायचं, दस्तगीरभाई आले. नमस्कार नाही, चहा झाला का नाही, एकदम मुद्द्याला हात. "बाई, शेवंतीला काठ्या लावल्या का न्हाय?" इकडे तव्यावर पोळी, शेजारच्या शेगडीवर उतू जायच्या बेतात आलेलं दूध, साडेनऊला माझी शाळा, आणि हा माणूस भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून माझ्या शेवंतीची चौकशी करतोय. मी आतूनच ओरडायची, "लावते!" तर म्हणायचे, "लावते म्हंजे कधी? तारीख सांगा." तारीख सांगितल्याशिवाय ते हलायचे नाहीत. आणि एकदा ती तोंडातून निघाली की त्या दिवशी बरोबर साडेसहाला खाकरायला हजर.

दस्तगीरभाई नळदुर्गच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत, आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. अंगानं काटक, कायम पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. नोकरी सुटली तरी गाड्या सोडायची सवय सुटली नव्हती. ते सांगायचे, "गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरला म्या कधी बोललो न्हाय. रस्त्यात काय बी होतं. पण माझ्या हातनं गाडी उशिरा सुटली तर तो माझा गुन्हा. तीस वर्षांत एक गाडी माझ्यामुळं लेट न्हाय." हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. पहिल्या दहा वेळा कौतुकानं, पुढच्या नव्वद वेळा दात आवळून.

आता सोडायला गाड्या नव्हत्या म्हणून त्यांनी झाडं धरली. स्वतःच्या घरापुढं जेमतेम दोन खाटांएवढी जागा, त्यामुळं कॉलनीतल्या चारही ओळींतली अंगणं त्यांनी आपल्या अमलाखाली घेतली. पावसाळाभर त्यांचा फारसा त्रास नसे. खरी धावपळ सुरू व्हायची ती दसऱ्यानंतर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू उपटून मातीत गाडायचा. त्याच आठवड्यात दोडक्याचे, कारल्याचे वेल खाली ओढायचे आणि वाफे खणून उघडे टाकायचे. कोजागरी झाली की लसूण टोचायचा, मेथी फेकायची. पपईच्या बुडाला राख, लिंबाच्या खोडाला चुना. प्रत्येक कामाला तारीख, आणि ती कॉलनीतल्या प्रत्येक फाटकापाशी उभं राहून, बसस्थानकावर गाडी पुकारावी तशी पुकारलेली.

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती गुलाबांच्या बाबतीत. माझ्या घरापुढं अकरा गुलाब आहेत. आठ दिवसांतून एकदा नळाला येणारं पाणी ड्रममध्ये साठवून, भांडी घासायला काटकसर करून मी ते वाढवलेत. पावसाळा संपता संपता ते भरात येतात. नेमकी तेव्हा दस्तगीरभाईंची घोषणा व्हायची, "गुलाबाचं पाणी तोडा." पाणी तोडायचं म्हणजे पूर्ण बंद. मग चार-आठ दिवसांनी बुडाभोवती खणून मुळ्या उघड्या करायच्या आणि ऑक्टोबरच्या त्या रणरणत्या उन्हात तशाच वाळत ठेवायच्या. पानं पिवळी पडून गळाली, झाड मेल्यासारखं दिसायला लागलं, की मग छाटणी, शेणखत आणि पाणी. म्हणजे ऐन दिवाळीत, दारात पाहुणे यायच्या वेळी, माझ्या अंगणात अकरा खराटे उभे.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या वर्षी मी त्यांना पानांचं काम, मुळांचं काम, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर आहे बाई. पुस्तकात तसंच असनार. पण झाडाला आराम करा म्हणून सांगितलं तर करतंय का? त्याला झोपवावं लागतं. बाराही महिने पाजत बसलं की झाड बी आळशी आन् फूल बी बारकं." आणि वर त्यांचं ते ठरलेलं वाक्य, "थंडीत फुलं पायजेत ना? मग ऑक्टोबरात डोळे झाकून घ्या."

वाईट एवढंच की ते बरोबर असायचे. डिसेंबरात माझ्या दारात असे गुलाब फुलायचे की रस्त्यानं जाणारा मोटरसायकलवाला वेग कमी करायचा. आणि फुलांकडं बघताना ते भिंतीपलीकडून कधीही "बघा, म्या म्हनलं नव्हतं?" असं म्हणायचे नाहीत. नुसतं घड्याळाकडं बघायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

एवढ्या तारखा त्यांच्या डोक्यात कशा राहतात, असं मी एकदा विचारलं होतं. ते एरवी कधी स्वतःबद्दल बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. त्यांचे वडील शेवटी शेवटी सगळं विसरले होते. घरातून उठून बसस्थानकावर यायचे आणि खिडकीपाशी उभं राहून स्वतःच्या मुलाला म्हणायचे, "साहेब, तुळजापूरची गाडी लागली का?" दस्तगीरभाई हे हसत हसत सांगत होते. "म्या म्हनायचो, बसा अब्बा, लागंल आता. मग ड्यूटी संपली की त्यांचा हात धरून घरी." सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हनून म्या रोज सकाळी तारखा घोकतो बाई. कुनाला सांगू नका." मी कुणाला सांगितलं नाही. पण हे मला माहीत होतं, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, कारण पुढं मी जे केलं ते माहीत असून केलं.

आमच्या रेवतीचं लग्न ठरलं. मुहूर्त निघाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दस्तगीरभाईंना कळलं तसे ते भिंतीपाशी आले आणि पहिल्यांदाच खाकरले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरगी ह्या घरातनं निघंल ती तुमच्याच अंगनातल्या फुलाची वेणी माळून निघंल. ही माझी जबाबदारी." मग त्यांनी बोटांवर उलटं मोजायला सुरुवात केली. छाटणीपासून फुलाला पंचेचाळीस ते पन्नास दिवस. थंडी कडक पडली तर दोन-चार वर. म्हणजे छाटणी नोव्हेंबरच्या आठ तारखेला. त्याआधी तीन आठवडे पाणी बंद, म्हणजे अठरा ऑक्टोबर. पेन काढून त्यांनी ती तारीख भिंतीच्या गिलाव्यावर लिहूनच टाकली. माझ्या भिंतीवर. मी चालवून घेतलं, लेकीचं लग्न होतं.

अठराला पाणी तुटलं. पंचवीसला मुळ्या उघड्या पडल्या. आणि तीस तारखेला विहीणबाईंचा फोन आला. "दिवाळीला चक्कर मारतोय हो, सगळे मिळून. तुमच्या बागेचं लई नाव ऐकलंय, बघायचीय." मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन पाहिलं. पिवळी पानं, उघड्या मुळ्या, कोरडी ढेकळं. सासरची सात-आठ माणसं येणार आणि म्हणणार, ह्यांना झाडं सांभाळता येत नाहीत, मुलीला काय वळण लावलं असेल. मला रडायला यायचं बाकी होतं.

त्यातच दस्तगीरभाई आणि त्यांच्या पत्नी शमीमभाभी गुलबर्ग्याला निघाले होते. त्यांच्या मुलीचं बाळंतपण तिथं होतं. जाताना रिक्षा थांबवून ते उतरले आणि भिंतीपाशी आले. "आठ तारखेच्या आत येतोच. छाटनी म्याच करनार. तवर पाइपला हात लावायचा न्हाय. झाड काकुळतीला आल्यासारखं दिसंल. दिसू द्या."

दुसऱ्याच दिवशी मी ड्रमला पाइप लावला. सहा दिवस, रोज सकाळी, अकराच्या अकरा झाडांना. पाणी घालून झालं की वरून कोरडी माती पसरायची, म्हणजे ओल दिसू नये. मी माझ्या मनाला सांगितलं की मी बी.एस्सी. आहे, एक वर्ष पाण्याचा ताण कमी पडला तर काही बिघडत नाही, आणि छाटणी होणारच आहे. सहाव्या दिवशी फांद्यांना कोवळी तांबूस पालवी फुटली. मला इतका आनंद झाला की मी शाळेत मुलांना जादा गृहपाठसुद्धा दिला नाही.

विहीणबाई आल्या. बागेकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दारात चपला काढताना एवढंच म्हणाल्या, "इथं डास लई आहेत का हो?" मग तीन तास आचारी, मांडव आणि आहेराच्या साड्या यांवर चर्चा झाली. जाताना अंधार पडला होता.

सात तारखेला दस्तगीरभाई आले. बॅग दारात ठेवून सरळ भिंतीपाशी. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "पाऊस पडला का हिकडं?"

"नाही," मी म्हटलं.

"पानी दिलं?"

"नाही."

"मग ही पालवी कशी?"

त्या वेळी खरं सांगणं फार सोपं होतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, आणि कदाचित काही मार्गही निघाला असता. पण माझ्या डोक्यात विहीणबाई, डास, आठवडाभराची धावपळ, आणि वर हा माणूस माझ्याच अंगणात माझी उलटतपासणी घेतोय याचा संताप. मी म्हटलं, "तुमचीच तारीख चुकली असेल, दस्तगीरभाई. वय झालं आता."

त्यांनी गिलाव्यावर लिहिलेल्या तारखेकडं पाहिलं, मग मनगट वळवून घड्याळाकडं. "व्हय," म्हणाले. "असंल."

आठ तारखेला त्यांनी छाटणी केली. एरवी छाटताना ते फांदीवरच्या प्रत्येक डोळ्याची ओळख करून द्यायचे, हा बाहेर बघतोय, ह्याच्या वर तिरपं कापायचं, हा आत बघतोय, हा कामाचा न्हाय. त्या दिवशी मुकाट्यानं कापत राहिले. आणि लग्नाच्या आठवड्यात माझ्या अकरा गुलाबांवर काय होतं, तर पानं. छातीएवढ्या वाढलेल्या फांद्यांवर हिरवीगार, टवटवीत पानं. फुलं मोजून चार, तीही आखडलेली. आपल्या अंगणातली वेणी म्हणून आम्ही चार घरांत सांगून ठेवलं होतं. शेवटी सोलापूरहून फुलं मागवली. निघायच्या वेळी आमच्या मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय हो कंट्रोलर, गाडी लेट झाली वाटतं!" सगळे हसले. दस्तगीरभाई नव्या कोऱ्या शर्टात, केसांना मेंदी लावून आले होते. ते म्हणाले, "व्हय. माझीच तारीख चुकली. पोरीची माफी मागतो." आणि खरोखरच रेवतीपुढं हात जोडले. मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या पदराची पिन सारखी करत राहिले. लग्नघरात कशाला वाद, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं कारण नव्हतं. भित्री होते, एवढंच.

पुढच्या वर्षी दसरा झाला, कोजागरी झाली, आणि भिंतीपलीकडून कुणी खाकरलं नाही. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. पोळ्या निवांत झाल्या. तिसऱ्या दिवशी चुकल्यासारखं वाटायला लागलं, आठव्या दिवशी चिडचिड. कॉलनीत झेंडू उभ्या उभ्या काळा पडला होता, दोडक्याचे वाळके वेल तारांवर लोंबत होते, लसणाचं कुणाला भान नव्हतं. आणि कॉलनीला वेळापत्रक देणारा माणूस व्हरांड्यात लोखंडी खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसलेला. मीच भिंतीशी जाऊन म्हटलं, "दस्तगीरभाई, पाणी कधी तोडायचं?" म्हणाले, "तुमीच ठरवा बाई. तुमी शिकलेल्या आहात." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

एकदा शमीमभाभी दळणाचा डबा घेऊन फाटकापाशी थांबल्या. "बाई, तुमचं ऐकतात ते, जरा बोला की त्यांच्याशी," म्हणाल्या. "सकाळी उठले की मला इचारतात, आज वार कोनता, तारीख काय. आन् म्या सांगायच्या आधी मनातल्या मनात म्हनून बघतात. बरोबर आली तर बी खूश न्हाईत. सोलापूरच्या डाक्टरकडं न्हेलं. ते म्हनले काय न्हाय, सगळं ठीक हाय. पन ह्यांच्या डोक्यातनं जातच न्हाय. म्हनतात, अब्बांचं बी असंच सुरू झालं व्हतं. एक तारीख चुकली, मग दुसरी." मी "बोलते" म्हणाले. आणि घरात येऊन भांडी आपटली.

तरी मला जायला पंधरा दिवस लागले. रोज ठरवायची, रोज काहीतरी काम निघायचं. पेपर तपासायचे, पाहुणे, सर्दी. वर्गात मी मुलांना सांगते की प्रयोगात जे दिसलं तेच लिहा, मनाचं लिहू नका. आणि इथं वर्षभर एका माणसाला मी त्याच्या मनाचं लिहायला लावलं होतं. स्वतःचा इतका तिटकारा मला आयुष्यात कधी आला नव्हता. एका रविवारी चहाच्या वेळेला गेले आणि दारातच, खाली न बसता, सांगून टाकलं. पाणी मीच घातलं होतं. तुमची तारीख बरोबर होती.

ते खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले, "कितव्या दिवशी?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"किती?"

"सहा दिवस. रोज. मुळ्या भिजेपर्यंत."

त्यांची बोटं हलायला लागली. "म्हंजे अठराला तोडलं. तेरा दिवस ताण. मुळी उघडी. त्येच्यावर सहा दिवस पानी." मान वर केली. "मग पानंच येनार! फूल कुठनं येईल?" आणि आतल्या बाजूला वळून केवढ्यांदा ओरडले, "शमीम! माझी तारीख बरोबर व्हती! बरोबर व्हती माझी तारीख!" भाभी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मीही रडायला लागले. मला वाटलं, सुटले.

मग ते माझ्याकडं वळले. हसू गेलं होतं. "पानी घातलं त्येचं काय न्हाय, बाई. मानूस हाय, मोह पडतो. झाड बी वर्साला माफ करतं. पन तुमी मला वय झालं म्हनालात. ते कशाला?"

मी पदरानं डोळे पुसले.

"अब्बांचं तुमाला ठाव व्हतं," ते म्हणाले. "म्या सांगितलेलं. तुमाला एकटीला." आणि खुर्चीवरून उठून आत गेले. भाभींनी मला चहा विचारला नाही.

संध्याकाळपर्यंत चारही ओळींत बातमी पसरली. त्यांनी स्वतः फाटकाफाटकाशी थांबून, पुकारून पुकारून सांगितली. विज्ञानाच्या बाईंनी ताणावरच्या गुलाबाला चोरून पाणी पाजलं. भाजीवाली सोमवारी मला म्हणाली, "काय बाई, पानी जपून वापरा." स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर कुणीतरी मुद्दाम पाण्याची बाटली आणून ठेवायचं. मला भयंकर राग यायचा आणि तो गिळून बसावं लागायचं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. सगळ्या कॉलनीची उरलीसुरली कामं उरकली, उशीर झाला म्हणून लोकांना झापलं, माझ्या फाटकावरून मात्र मान ताठ ठेवून सरळ पुढं. एकतिसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला खाकरले. "बाई, मेथी लई दाट फेकलीय. इरळ करा." माझी पोळी करपली. करपू दिली.

त्यापुढचं वर्ष चांगलं गेलं. अठरा ऑक्टोबरला पाणी तुटलं, वेळेवर छाटणी झाली, येळवशीच्या अमावस्येला आम्ही आंबील-भज्जी खायला शेतात निघालो तेव्हा अंगणात गुलाब नुसते लगडले होते. ते नेहमीसारखेच वैताग आणत होते आणि मी नेहमीसारखीच करवादत होते.

त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात ते एका मंगळवारी आले. "बाई, गुलाबाचं पानी तोडा." मी तोडलं. शुक्रवारी परत आले. "बाई, गुलाबाचं पानी तोडा." मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास उडालाय, पक्कं करून घेतायत. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तोडलंय हो, किती वेळा?" ते गोंधळून बघत राहिले आणि गेले. नंतर मेथी त्यांनी एकाच वाफ्यात दोनदा टाकली. चुना लिंबाऐवजी पपईला लावला. भाभी माझ्याकडं बघायच्या, मी त्यांच्याकडं.

मग तो दिवस. त्यांच्या घरापुढं तीन गुलाब होते, मुळ्या उघड्या करून आठ दिवस झालेले. एका संध्याकाळी मी गच्चीवरून कपडे काढत होते तेव्हा मला दिसलं की दस्तगीरभाई पाइप धरून त्या झाडांना पाणी देतायत. नीट, एकेका बुडाशी थांबून, काहीतरी गुणगुणत. मी वरून हाक मारणार होते, पण भाभी दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मला हातानं खूण केली, राहू द्या. आणखी दोन संध्याकाळी तेच.

चौथ्या दिवशी सकाळी ते भिंतीशी आले. खाकरले नाहीत. चेहरा पांढराफटक. हातात ओल्या मातीचं ढेकूळ होतं, ते त्यांनी माझ्यापुढं धरलं. "बाई, माझ्या गुलाबाला पानी कुनी घातलं?"

त्यांच्या पाठीमागं भाभी, पदर तोंडाला लावलेला.

"म्या तर तोडलेलं," ते म्हणाले. "अठराला तोडलं म्या. माझ्या ध्यानात हाय. हाय ना?" मग त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, आणि आवाजात एकदम थोडी आशा आली. "ह्या टायमाला बी तुमीच घातलं का?"

"हो," मी म्हटलं. "मीच घातलं. भिंतीवरून पाइप टाकून."

चेहऱ्यावर रंग यायला वेळ लागला नाही. ढेकूळ भिंतीवर आपटून ते कडाडले, "काय म्हनावं तुमाला! बी.एस्सी. झालात, पोरं शिकवता, आन् एवढं कळंना? एकदा नाक कापलं ते पुरलं न्हाय? दुसऱ्याच्या झाडाला हात लावता? लाज हाय का काय?" पहिल्या ओळीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. मी मान खाली घातली. त्यांनी मला दहा मिनिटं झापलं, तारखांसकट, सगळ्यांसमोर, आणि शब्दागणिक त्यांचा आवाज पूर्वीसारखा भरत गेला. शेवटी दमून म्हणाले, "परत असं करू नका, बाई."

मी म्हटलं, "नाही करणार."

पण पुढं नऊ महिने, ते जाईपर्यंत, त्यांच्या बागेत जे जे काही बिघडलं ते सगळं मीच केलं.